मेणाच्या डबीतली खाडी

आमच्या घराण्यात ब्रश ओठांत धरून टोक काढायची खोड आहे. ब्रश पाण्यात बुडवायचा, मिटलेल्या ओठांतून हलकेच ओढायचा, की केसाएवढं टोक निघतं. हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना. लहानपणी माझी पक्की समजूत होती, की ज्याचे ओठ रंगलेले तोच खरा कारागीर. बाबांचे ओठ कधी रंगायचे नाहीत. ते साचे भरायचे, मूर्ती घासायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. आईचे ओठ मात्र सदा काळपट, कारण आईकडे आखणी होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. पीतांबर, दागिने, अंगाचा रंग घरातलं कोणीही करी, डोळे मात्र एकाच हाताचे.

डोळे लागेपर्यंत शाडूची मूर्ती म्हणजे नुसती माती. पडली, फुटली, तर पुन्हा भिजत घाला. कोणाचं काही म्हणणं नसे. एकदा डोळे आखले की तो देव. मग त्याच्या बोटाचं टोक जरी उडालं तरी तो खंडित. असा खंडित कचऱ्यात टाकायचा नाही आणि गिऱ्हाइकाच्या नजरेलाही पडू द्यायचा नाही. तो कारखान्याच्या मागच्या फळीवर तोंड भिंतीकडे करून बसायचा, आणि सवड झाली की आई त्याला फूल-अक्षता वाहून खाडीत सोडून यायची. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला तो आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकतो.

मीही ब्रशच धरला, पण वेगळ्या कामाला. मी रोह्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, वरसे गावात राहते, नवरा कंपनीत शिफ्टवर असतो, आणि गेली बरीच वर्षं मी खाडीचा चिखल चाळते. त्या चिखलात फोरामिनिफेरा नावाचे जीव असतात. नाव तोंडात बसत नाही म्हणून आम्ही नुसतं फोराम म्हणतो. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, एकेक खोली वाढवत. अख्खं घर रव्याच्या कणाहून लहान. काहींचं घर गव्हाच्या दाण्यासारखं, काहींचं शंखासारखं गुंडाळलेलं, आणि त्या गुंडाळीच्या मधोमध बुबुळासारखा ठिपका. जीव मरून जातो, घर चिखलात राहतं.

पाणी चांगलं असलं की घरं सुबक होतात. पाण्यात नको ते मिसळलं की काही जाती दिसेनाशा होतात आणि उरलेल्यांपैकी काहींची घरं वाकडी होतात. एखादी खोली भलतीकडेच फुटते, गुंडाळी तिरपी जाते, कधी दोन घरं पाठीला पाठ लावून चिकटतात. एखाददुसरं वाकडं घर कुठेही सापडतं. पावसाळ्यात खारं पाणी गोडं होतं, त्यानंही बिघाड होतो. पण वाकड्यांचं प्रमाण वाढत चाललं की खाडीची तब्येत बिघडली असं समजायचं. एवढंच माझं शास्त्र. चिखल बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या थाळीत पसरायचा आणि दुर्बिणीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक फोराम उचलून स्लाइडवर डिंकानं चिकटवायचा. नवऱ्याच्या मते हे तांदूळ निवडण्यासारखं आहे. त्याला तांदूळही निवडता येत नाहीत, म्हणून मी वाद घालत नाही.

काही वर्षांपूर्वी आई माझ्याकडे आली, ती पाहुणी म्हणून नव्हे, रुसून. बाबा गेले होते, कारखाना धाकटा भाऊ बघत होता. आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले होते. लांबचं लख्ख दिसायला लागलं होतं, रस्त्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाची निसटलेली शिवण सांगायची. जवळचं मात्र धूसर. चष्मे बदलून झाले, देवाला नारळ ठेवून झाला. आणि एका खेपेला तिनं आखलेल्या मूर्तींचा एक डोळा दुसऱ्याहून किंचित वर गेला. भाऊ तिला काही बोलला नाही. त्यानं त्या मूर्ती गुपचूप शेजारच्या कारखान्यातल्या एका मुलीकडून पुन्हा आखून घेतल्या. आईपासून हे लपणार कसं? स्वतःची रेघ कुणाला ओळखू येत नाही? तिनं आपले ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि रोह्याची गाडी धरली.

माझ्या दारात पिशवी ठेवून ती म्हणाली, "फळीवर बसवली गो मला त्यानं. भिंतीकडे तोंड करून."

मी हसण्यावारी नेलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आई रडणाऱ्यांतली नव्हती. बाबा गेले तेव्हाही ती आल्यागेल्याला चहा देत होती.

रिकामं बसणं हा तिला आजारच वाटे. मी घासलेली भांडी ती पुन्हा घासायची. कपाटं लावायची आणि मग मला माझीच वस्तू सापडायची नाही. आठवडाभरात मी टेकीला आले. कॉलेजात नवीन दुर्बीण आल्यावर जुनी मी रीतसर मागून घरी आणली होती, ती खिडकीशी मांडलेली असे. एका दुपारी आई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय बगतेस गो एवढा?"

मी तिला स्टुलावर बसवलं. त्या दुर्बिणीला दोन नळ्या, आणि प्रत्येक डोळ्याला वेगळी फिरवून जमवता येते. मी आधी डावी फिरवली, मग उजवी. आईनं नळ्यांना डोळे लावले ते काढलेच नाहीत. मला वाटलं, दिसत नसेल.

"सगळा दिसतंय गो," ती म्हणाली. आणि लगेच, "ह्यांचं डोळं कोणी आखलं?"

ती त्या गुंडाळीच्या मधल्या ठिपक्याबद्दल विचारत होती. मी खोल्या, चुना, पेशी असं बरंच सांगितलं. तिनं त्यातलं कितीसं ऐकलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून स्टुलावर बसली होती, फडक्यातले ब्रश बाहेर काढले होते आणि सगळ्यात बारीक ब्रश ओठांत घालून टोक काढत होती. मी ओरडले. खाडीचा चिखल तो, त्यात काय काय असेल! तिला पाण्याची वाटी दिली. ती वाटी तिनं वापरली, पण प्रत्येक फोराम उचलताना तिचे ओठ आपोआप मिटायचे ते शेवटपर्यंत मिटतच राहिले.

हात तिचा मुळातच बसलेला होता, फक्त नजर हवी होती, ती दुर्बिणीनं दिली. माझी स्लाइड म्हणजे सांडलेले तीळ. तिची म्हणजे कारखान्यातली मांडणी: सगळे रांगेत, सगळ्यांची तोंडं एकीकडे. भावाचा फोन आला की ती मला सांगायला लावायची, "सांग त्याला, आई कामात हाय." हे वाक्य ऐकताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की काही झालं तरी आईचं हे स्टूल काढून घ्यायचं नाही.

तेव्हा मी आसपासच्या खाड्यांचे नमुने घेत होते. आई म्हणाली, "माझ्या माहेरच्या खाडीचा आण." तिचं माहेर पेणच्या बाजूला, अगदी खाडीच्या बांधाला लागून. त्या खाडीवरून ती आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, यांचं कायमचं वाजलेलं असे. मामा म्हणायचा, खाडी गेली, मासळीला तेलाचा वास येतो, जिताड्यासारखा मासा बघायला मिळत नाही. आई म्हणायची, खाडी हाय तशी हाय, मामाच्या अंगात आळस भरलाय. "आमची खाडी काय बिघडायची नाय," हे ती अशा ठसक्यात म्हणायची, की समोरच्याला आपणच बिघडवली की काय असं वाटावं.

ओहोटी बघून आम्ही गेलो. मी आणि मामा मांडीपर्यंत चिखलात, हातात लांब प्लास्टिकचा पाइप, आणि आई बांधावर उभी राहून हुकूम सोडतेय. पाइप चिखलात उभा खुपसायचा आणि आतला चिखल न सांडता वर काढायचा. खालचा थर जुना, वरचा नवा. घरी आणून त्याच्या चकत्या केल्या, प्रत्येक चकतीचे दोन भाग केले, एक कामाला घेतला, एक राखून ठेवला. हा शास्त्राचा नियम आहे आणि आईचाही. पीठ कधी सगळं एकदम भिजवायचं नसतं.

ती सगळ्यात खालच्या थरापासून बसली. त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. नवरा शिफ्टवर, खिडकीतून येणारं थंडीतलं ऊन, स्टोव्हवर शिजणाऱ्या वालाचा वास, आणि दुर्बिणीला डोळे लावून बसलेली आई. मान न हलवता ती बोलत राहायची. "हा थर माझ्या लग्नाआधीचा बग," ती खुशाल सांगायची. मी म्हणायची, आई, असं छातीठोक सांगता येत नाही, त्याला वेगळ्या तपासण्या लागतात. "तुला नाय सांगता येत, मला येतंय." मग त्या थराबरोबर त्या वेळची खाडी निघायची. तिची आई ओहोटीला कालवं फोडायला जायची तेव्हा हिला पाठीवर घ्यायची. मिठागरावर कामाला जाणाऱ्या बायका डोक्यावरच्या टोपल्या न धरता चालायच्या. चिंबोरी धरताना ती तिच्या अंगठ्याला चावली होती, ती खूण आई मला दर वेळी नव्यानं दाखवायची. लग्न ठरलं तेव्हा हमरापूरच्या सासरी खाडी लांब आहे म्हणून ती रडली होती, हे मला त्या स्टुलावरूनच कळलं. एरवी आईनं हे कधी सांगितलं नसतं. ती कामात असली की तिचं मन मोकळं व्हायचं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि तेव्हा ते मला कळतही होतं.

एकेक थर करत ती वर आली. सगळ्या स्लाइड तयार झाल्या, मी त्या तपासल्या. वरच्या थरांत जाती थोड्या कमी होत्या, पण फोराम सगळे कसे धडधाकट, गुटगुटीत. वाकडा एक नाही. मी चकित झाले आणि खरं सांगायचं तर हरखले. आईला म्हणाले, "तुझी खाडी ठणठणीत दिसतेय गं."

आईनं हात धुतले आणि सरळ मामाला फोन लावला. "दादा, तुझ्या भाचीनं तपासलंय. खाडी चांगली हाय. तूच म्हातारा झालास." मामा भोळा. त्यानं ते अख्ख्या आळीत सांगितलं, वर भाची प्रोफेसर आहे हेही सांगितलं.

पुढच्या शनिवारी भावाकडे पूजा होती. रुसवा एवढ्यापुरता बाजूला ठेवून आई यायला तयार झाली. मी गाडी चालवत होते. नागोठणं गेलं, गडब जवळ आलं. रस्त्याच्या कडेला वालाच्या शेंगांचे ढीग लागलेले होते. तिथे एका लहान पुलाखाली भरतीचं पाणी येतं. आई म्हणाली, "थांबव जरा गो. एक विसर्जन करायचंय."

मला वाटलं, देवघरातली एखादी तसबीर असेल. ती उतरली. पिशवीतून तिनं मेणाची डबी काढली. कुंकवाखाली लावायच्या मेणाची लहानशी पितळी डबी, बाबा गेल्यापासून रिकामी पडलेली. वर झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता वाहिल्या. मी सहज विचारलं, "काय आहे त्यात?"

"खंडित होते ते."

"कुठले खंडित?"

"तुझ्या चिखलातले. मोडके-वाकडे. ते काय तुझ्या पट्टीवर लावायचे? आणि डोळं आखलेले, कचऱ्यात तरी कसे टाकू?"

मी डबी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली. झाकण उघडलं. तळाशी पांढरट भुकटी, बोटाच्या पेराएवढी. फोराम, सगळेच्या सगळे वाकडे, सगळ्या थरांतले एकत्र. माझ्या टेबलावर, माझ्या कोपराशी ती डबी सगळे दिवस होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी हायवेच्या कडेला उभी राहून जी ओरडायला लागले, की शेंगा विकणारी बाई उठून उभी राहिली. हेच तर हवे होते! ह्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप! आता कुठला कुठल्या थरातला कसं कळणार? आणि मामाला फोन करून मोकळी झालीस!

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "खंडित गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्यात असंच करतात."

"इथे गिऱ्हाइकाला खंडितच आधी बघायचा असतो, आई!"

ती गाडीत जाऊन बसली. हमरापूरला उतरताना फक्त म्हणाली, "नजर गेली होती, आता अक्कल पण गेली म्हण." पूजा झाली, जेवणं झाली, आणि मी निघताना ती मागच्या दारी भांडी घासत बसली. "मी हितंच राहते. तू जा."

मी रागातच परतले. सोमवारी कॉलेजातून येऊन खिडकीशी बसले. स्टूल होतं, पाण्याची वाटी होती, ब्रश फडक्यात तसेच गुंडाळलेले होते. ते तिनं नेले नव्हते, आणि हेच मला सगळ्यात लागलं. राखून ठेवलेले अर्धे भाग डब्यात होते. त्यांच्यावर काम पुन्हा करता आलं असतं, ते मी एकटीही केलं असतं. पण मला आई हवी होती. घरात घासलेली भांडी पुन्हा घासणारं कोणी नाही म्हणून मी रडले, हे नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं माझी तब्येत विचारली असती.

रविवारी मी हमरापूरला गेले. कारखान्यात भाऊ डोक्याला हात लावून जमिनीवर बसला होता. समोर साच्यातून काढलेली नवी खेप मांडलेली, आणि एकजात सगळ्या मूर्तींचा उजवा कान एकाच जागी तडकलेला. आई दारात सूप घेऊन बसली होती. मी आल्याचं तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि भावावर खेकसली, "झाक की ते. कोण आला तर बगंल ना."

"झाकून काय होतंय?" भाऊ एकेक मूर्ती उजेडाला धरत होता. "बाबा काय सांगायचे? एक मोडली तर हात बघावा, खेप मोडली तर साचा बघावा. नीट मांडल्याशिवाय कळणार कसं कुठे खोट आहे?"

आईचं सूप थांबलं. ती त्या मूर्तींकडे बघत राहिली. सगळ्या तिच्याकडे तोंड करून बसलेल्या होत्या, आणि डोळे अजून कोणालाच नव्हते. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुझे ते वाकडे," ती म्हणाली, "त्यांचा साचा कुठला?"

"खाडीच ना, आई."

"आणि मी दादाला सांगितलं, खाडी चांगली हाय."

ती उठली, सूप भिंतीला टेकवलं, आत जाऊन पिशवी भरून आली. निघताना तिनं शेजारच्या त्या मुलीनं आखलेली एक मूर्ती उचलली, हात लांब करून निरखली आणि भावाला म्हणाली, "बरी आखते. पण वरची पापणी जाड काढते, सांग तिला." भावानं खाली वाकून तिच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला, तो तिनं "साचा बग आधी" म्हणून झिडकारला. झिडकारताना हसली मात्र.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. ह्या वेळी तिनं प्रत्येक थराला दोन स्लाइड केल्या, एक धडधाकटांची, एक खंडितांची. खालच्या थरांत खंडितांची स्लाइड जवळपास रिकामी राहिली. तिला ते आवडायचं, "बग, नाय ना कोण?" असं दर वेळी म्हणायची. मधल्या थरांपासून एकेक येऊन बसायला लागला. वर येता येता रांगा भरायला लागल्या. आईचं बोलणं कमी कमी होत गेलं. सगळ्यात वरचा थर तिनं एकही शब्द न बोलता केला.

स्लाइड माझ्यापुढे ठेवून तिनं विचारलं, "हे कंपन्यांनी केलं?"

मी म्हटलं, "एवढ्यावरून तसं बोट दाखवता येत नाही. गटारं आहेत, शेतातली औषधं आहेत, होड्यांचं तेल आहे. कंपन्याही असतील."

"आणि आमचा रंग?"

वर्षानुवर्षं आम्ही रंगवलेले गणपती कुठे कुठे जाऊन पाण्यात उतरले, त्याचा हिशोब कोणाकडे आहे? मी म्हटलं, "थोडा तोही असेल, आई." खोटं बोलता आलं असतं, पण त्या टेबलाशी बसून बोलवेना. नवऱ्याचा पगार कंपनीतून येतो आणि मी शिकले ती गणपतींच्या जिवावर, हे दोघींनाही ठाऊक होतं. आईनं मान हलवली आणि फोन मागितला.

"दादा," ती मामाला म्हणाली, "तू सांगत होतास तसंच हाय. माझंच चुकलं. मी वाकडे बाजूला काढले होते." पलीकडून मामा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" करत होती. इतक्या वर्षांचं भांडण ती हरली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "रडला गो तो. म्हणला, मीच खोटा ठरलो असतो तर बरं झालं असतं."

आमचा अहवाल गेला, तो गेला तिथे गेला. त्यावर कोणी काय केलं, हे सांगण्यासारखं अजून काही नाही. आई मात्र स्टुलावर राहिली, अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत. भाऊ न्यायला आला की ती हमरापूरला चार दिवस जायची आणि काम खोळंबतं म्हणून परत यायची.

ती पितळी डबी माझ्याकडे तशीच राहिली होती. त्यातले सगळे थर एकमेकांत मिसळलेले, शास्त्राच्या दृष्टीनं निरुपयोगी. एकदा पेणला जाताना त्याच पुलाजवळ मी आपण होऊन गाडी थांबवली. म्हटलं, "आई, आता खुशाल सोड. मला नकोत."

ती उतरली, कठड्याशी गेली, डबी हातात घेऊन उभी राहिली. भरतीचं पाणी वर चढत होतं. वरून ते छान दिसतं, ते एक आहेच. थोड्या वेळानं ती तशीच परत येऊन गाडीत बसली.

"ज्या पाण्यानं मोडले, त्यातच परत सोडू?" ती म्हणाली. "नको गो. ठेव तुझ्याकडं. पाणी बरं झालं की तू सोड."

आई गेली त्यालाही आता काही काळ झाला. तिच्या अस्थी आम्ही तिच्या इच्छेप्रमाणे माहेरच्या खाडीत सोडल्या. मामा मोडक्या गुडघ्यांनी बांध उतरून पाण्यापर्यंत आला होता. डबी त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होती, पण मी ती बाहेर काढली नाही.

दर वर्षी थंडीत मी तिथला चिखल आणते, धुते, वाळवते, खिडकीशी बसून दोन स्लाइड करते. काम करताना माझे ओठ मिटतात, हे मला नवऱ्यानं सांगितलं. यंदाच्या स्लाइड परवाच पुऱ्या झाल्या. खंडितांची स्लाइड उजेडाला धरली. रांगा अजून भरलेल्याच होत्या. मग डबीवरची धूळ पुसली आणि ती पुन्हा आईच्या वाटीशेजारी ठेवली.